चौथी प्लेट तुमच्या हातची होती

बाई, फळ्यावर माझे नाव तीन वेळा लागले आणि तिन्ही वेळा ते तुम्ही लिहिलेत. तुमचे अक्षर सुंदर होते. शिक्षेसाठीही तुम्ही तेच वळणदार, शिरोरेषा न तुटणारे अक्षर वापरत होतात, आणि इतक्या वर्षांनंतरही मला त्या अक्षराचाच राग अधिक येतो. घाईने, वेडेवाकडे लिहिले असते तर एका आजारी बाईचा चिडचिडेपणा म्हणून मी ते सोडून दिले असते. पण तुम्ही सावकाश लिहिलेत, कारखान्यातल्या टाकीवर तिचा क्रमांक घालावा तसे. तुम्ही गेलात त्याला आता दहा वर्षे होत आली. ज्या बुरशीने तुम्हाला नेले ती आम्ही आमच्या प्लेटीवर तीनदा पाहिली होती आणि तीनदा तुमच्या आज्ञेने टाकून दिली होती, माझ्या हाताचा निष्काळजीपणा म्हणून. हे तुम्हाला जिवंतपणी कुणी सांगितले नाही. मी सांगायला आले होते. मला दारात थांबवण्यात आले. त्यामुळे आज लिहिते आहे, आणि तुम्ही मधे बोलू शकत नाही याचे मला थोडे समाधानही आहे.

पानशेतचे धरण फुटले त्याच्या पुढच्या वर्षी मी कारखान्यात रुजू झाले. आमच्या पेठेतल्या घराच्या भिंती अजून पुराची ओल धरून होत्या, आणि त्यांवर उगवणारी बुरशी आई रोज फडक्याने पुसत असे; मी मात्र सकाळच्या बसने चिंचवडपलीकडच्या माळावर येऊन दुसऱ्या एका बुरशीची बडदास्त ठेवण्याचा पगार घेऊ लागले. आमचा सगळा कारखाना त्या एका बुरशीच्या जिवावर उभा होता. दुमजली उंचीच्या टाक्यांमध्ये ती वाढायची, तिच्यापासून औषध निघायचे, आणि टाकीत दुसरा कुठलाही जीव शिरला, हवेतून, हातावरून, कुणाच्या शिंकेतून, तर सगळी टाकी गटारात सोडून द्यावी लागे. तुमची शिस्त त्या भीतीतून आली होती, हे मला मान्य आहे. विद्यापीठात पहिली आलेली मुलगी म्हणून मी ताठ मानेने प्रयोगशाळेच्या प्रमुखांसमोर, म्हणजे तुमच्यासमोर, उभी राहिले, तेव्हा तुम्ही माझी प्रमाणपत्रे उघडलीही नाहीत. "हात दाखव," म्हणालात. मी तळवे पुढे केले. तुम्ही नखे पाहिलीत, बांगड्या पाहिल्यात. "या उद्यापासून नकोत. बाकी काय येतं ते पुढे बघू." माझा इतका अपमान आजवर कुणी केला नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी मी बांगड्या न घालता आले.

प्रयोगशाळेच्या दाराशी तो फळा होता. ज्याच्या प्लेटीवर, जंतू वाढवायच्या त्या चपट्या काचेच्या बशीवर, नको ते उगवले त्याचे नाव त्यावर लागायचे आणि शनिवारी दुपारी पुसले जायचे. कारण कुणी विचारायचे नाही, सांगायचे तर मुळीच नाही. उगवलेली बुरशी कोणती, ती कुठून आली असेल, हे निरखत बसणेही तुम्हाला मान्य नव्हते. बुरशी दिसली की प्लेट टाकायची, हात सुधारायचा, पुन्हा लावायचे. टाकलेल्या प्लेटी वाफेच्या भट्टीत घालून मारण्याचे काम चाचांकडे होते. ते चाकणचे, त्यांच्या भावांचे तिथे ट्रकदुरुस्तीचे दुकान होते आणि आपण काचा धुणाऱ्या बायकांमध्ये येऊन पडलो अशी त्यांची कायमची तक्रार होती. त्या नकोशा बुरशीला ते पाहुणा म्हणत. सकाळी बादली घेऊन टेबलांमधून फिरताना विचारत, "आज कुणाकडं उतरलाय पाहुणा?" आणि ज्याच्याकडे उतरलेला असे तो मान वर न करता प्लेट बादलीत ठेवी. माझ्या टेबलापाशी ते थांबतही नसत. "हितं चहा मिळत न्हाई, पाहुणा येतोय कशाला," असे म्हणून पुढे जात. मला ते आवडायचे. माझे नाव त्या फळ्यावर वर्षानुवर्षे लागले नव्हते, आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होते.

तुम्ही स्तुती करत नव्हता. काम पसंत पडले की "ठीक" म्हणायचात आणि पुढच्या टेबलाकडे वळायचात. त्या एका शब्दासाठी मी माझ्या तारुण्याची कितीतरी वर्षे बर्नरच्या ज्योतीसमोर बसून घालवली, हे आता लिहिताना मला फारसे शोभत नाही. एकदाच तुम्ही मला काही दिलेत. रविवार होता, तुम्ही मला कॉलनीतल्या तुमच्या घरी बोलावले होते. निघोज्याहून तुमच्या भावाने कांद्याचे पोते आणून टाकले होते आणि तुम्ही स्वयंपाकघरात फरशीवर बसून पिठल्यासाठी कांदे सोलत होता. कांद्याच्या वरच्या पापुद्र्याखाली काळी भुकटी धरली होती, काजळीसारखी. मी तो पापुद्रा फेकू लागले, तर तुम्ही माझा हात धरलात, ती काजळी काचपट्टीवर टिपलीत, आणि मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवलेला तुमचा जुना पितळी सूक्ष्मदर्शक खिडकीच्या उजेडात ओढलात. मी डोळा लावते. काळ्या मण्यांची डोकी आहेत, एकेका देठावर एकेक, आणि प्रत्येकातून शेकडो बीजाणू सांडताहेत. तुम्ही मागून बोलताय, हाताला कांद्याचा वास आहे. "ही चोर नाही. घरोघरी, श्वासाश्वासात असते. उघडं दार दिसलं तरच आत येते. दोष तिचा नाही, दार उघडं ठेवणाऱ्याचा." मग पदराला हात पुसून तुम्ही फडताळातून एक निमुळती पेटी काढलीत. प्लेटीवर नमुना पसरायला जी तारेची कडी वापरतात, आम्ही जिला लूप म्हणत असू, ती होती. पण आमच्या रोजच्या साध्या तारेची नव्हे, प्लॅटिनमची. विलायतेत शिकत असताना तुमच्या गुरूंनी तुम्हाला दिलेली. "ही लवकर तापते, लवकर निवते. माझी बोटं आता हिच्या लायकीची राहिली नाहीत," एवढेच म्हणालात. तुमची बोटे सांध्यांत सुजलेली होती. मी तेव्हा त्याकडे पाहिले नाही. मी पेटीकडे पाहत होते.

त्या सुजेला पुढे नाव मिळाले. शरीर आपल्याच पेशींना परके समजून त्यांच्यावर उलटते अशा जातीचा तो आजार होता. सांधे, मग गालांवरचा लाल चट्टा, मग लघवीतून जाणारी प्रथिने. शहरातल्या डॉक्टरांनी स्टेरॉइड सुरू केले आणि काही आठवड्यांत तुम्ही पुन्हा उभ्या राहिलात. चेहरा मात्र गोल झाला, इतका की चाचांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारले, बाईसाहेब खुशीत आहेत का, अंगानं भरल्यात. मी त्यांना झापले. त्या औषधाचा अर्थ तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक कळत होता. जी फौज स्वतःच्याच घरावर तोफा डागत होती तिची शस्त्रे त्याने काढून घेतली होती. पण तीच फौज वेशीवरही पहारा देत होती. ज्या बीजाणूंना तुमची-माझी फुप्फुसे रोज न कळत संपवतात, ते आता तुमच्या फुप्फुसात येऊन बसले तर त्यांना उठवणारे कुणी उरले नव्हते. स्वयंपाकघरातल्या वाक्यातले दार तुमच्या छातीत उघडे पडले होते. ते वाक्य तुमचेच होते, बाई. ते तुम्हाला का आठवले नाही, याचे उत्तर मी अजून शोधते आहे, आणि जे उत्तर सापडते ते मला पटत नाही.

खोकला आणि ताप सुरू झाला. एक्स-रेत डाव्या बाजूला डाग दिसला आणि त्या काळी सगळेच डॉक्टर जे म्हणत तेच तुमचे डॉक्टर म्हणाले: क्षय. इंजेक्शने सुरू झाली. बेडक्यात क्षयाचे जंतू मात्र सापडेनात. आमच्या विभागात शहरातल्या रुग्णालयांचे नमुने येत, त्यांतल्या जंतूंवर आमचे औषध चालते का हे पाहण्यासाठी. त्या नमुन्यांची खोली माझ्याकडे होती. एका सकाळी शाल गुंडाळून तुम्ही तिथे आलात, काचेची झाकणाची बाटली माझ्या टेबलावर ठेवलीत आणि म्हणालात, "हा माझा. दवाखान्यातल्या त्यांच्या प्लेटींवर माझा विश्वास नाही. तू लाव." मला वाटले, हाच तो मान. मी प्लॅटिनमची लूप काढली. ज्योतीत ती पांढरी होईपर्यंत धरली, निवू दिली, नमुना घेतला, रेघा ओढल्या. इतक्या सरळ रेघा मी कधी ओढल्या नसतील.

तिसऱ्या दिवशी त्या रेघांवर राखी-हिरवी मखमल उगवली होती. मी प्लेट तुमच्यापुढे धरली. तुम्ही ती हातातही घेतली नाहीत. "टाक," म्हणालात, आणि उठून फळ्याकडे गेलात. चाचा बादली घेऊन आले, फळ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "तुमच्याकडं पाहुणा, मॅडम?" त्यात थट्टा नव्हती. मी प्लेट बादलीत ठेवली. दुसऱ्या खेपेला प्लेटीत ओतायचे, जंतूंना पोसणारे माध्यम मी स्वतः बनवले, खिडक्या बंद केल्या, तोंडाला फडके बांधले, शेजारी नुसतीच एक रिकामी प्लेट उघडी ठेवली, हवेतून काही पडत असेल तर तिच्यावरही पडावे म्हणून. रिकामी प्लेट स्वच्छ राहिली. तुमच्या नमुन्याच्या प्लेटीवर तीच मखमल, तोच रंग, पुन्हा रेघांवरच. मी तुम्हाला म्हणाले, बाई, हवेतून पडलेली बुरशी कुठेही उगवते, काठाला, कोपऱ्यात. ही फक्त जिथे तुमचा नमुना पोचला तिथेच आली आहे. तुम्ही खोकला आवरून माझ्याकडे पाहिलेत आणि विचारलेत, "लूप नीट तापवली होतीस का?"

लूप नीट तापवली होतीस का. पहिल्या वर्षाच्या मुलीला विचारावे तसे. ज्या लुपेबद्दल तुम्ही विचारत होता ती तुम्ही दिलेली होती.

तिसऱ्या खेपेला सगळा विभाग जमला होता, कारण त्या दिवशी महिन्याचा आढावा होता. मी प्लेट आणली. मी बोलायला सुरुवात केली, की एकाच माणसाच्या नमुन्यातून तीनदा एकच बुरशी येते तेव्हा ती पाहुणी नसते, ती त्या घरची असते. तुम्ही मला वाक्य पुरे करू दिले नाहीत. पहिल्या दिवसापासून मला तू म्हणणाऱ्या तुम्ही त्या वेळी म्हणालात, "आपला हात बिघडला आहे. तो मान्य करण्याइतका मोठेपणा आपल्याकडे असावा, असं मला वाटत होतं." त्या आपण या शब्दाने माझ्याभोवती जी रिकामी जागा झाली ती मला अजून मोजता येते. कुणी खोकलेसुद्धा नाही; फक्त तुम्ही.

मी तुमच्या पाठीमागे तुमच्या डॉक्टरांकडे गेले, हे तुम्हाला ठाऊक होते. सज्जन मनुष्य होते, माझे ऐकून घेतले. बेडक्यात कधीमधी बुरशी येतेच, म्हणाले, पण तीनदा म्हणजे विचार करायला हवा. बाईंनाच विचारतो, या विषयात त्यांच्यापुढे मी कोण. त्यांनी तुम्हाला विचारले. तुम्ही जे उत्तर दिलेत ते त्यांनी मला, बिचाऱ्यांनी, संकोचत सांगितले: "तिच्याकडे लक्ष देऊ नका. तिला स्थळं बघताहेत, मन कामात नाही." स्थळे येत होती हे खरे आहे. त्यातल्या एकाचेही तोंड मी पाहिले नव्हते, हेही खरे आहे. ज्या आयुष्यभर पुरुषांकडून हेच ऐकत आल्या, लग्न झाले की हिचा काय उपयोग, हे ज्यांना विलायतेहून परत आल्यावरसुद्धा ऐकावे लागले, असे तुम्हीच मला पिठले वाढताना सांगितले होते, त्या तुम्ही ते हत्यार उचलून माझ्यावर चालवलेत. बुरशीची चूक मी समजू शकते. ही नाही.

आणि मग तुम्ही ते करायला आलात, ज्याची गोष्ट आजही कारखान्यात नव्या मुलांना सांगतात. कॉलनीतून गाडीने आलात, दाराशी दम खात उभ्या राहिलात, कुणाचा हात घेतला नाहीत. माझ्या टेबलाशी बसलात आणि म्हणालात, "बघा सगळे. कसं लावतात ते." माझ्याच पेटीतून प्लॅटिनमची लूप काढलीत. तुमची बोटे सुजली होती, अंगठा नीट मिटत नव्हता. मी बाजूला उभी आहे. तुम्ही लूप ज्योतीत धरता, ती पांढरी होते, तुम्ही ती निवू देता, तिने तुमचाच नमुना घेता, झाकण हवे तितकेच उचलता, रेघा ओढता, झाकण मिटता. आणि त्या सुजलेल्या हातातून एक क्षणभर असे काही होते की मी रागातसुद्धा श्वास धरून पाहते. त्याहून शुद्ध हात मी कधी पाहिला नाही. ही चौथी प्लेट. ती उघडायला तुम्ही पुन्हा आलात. राखी-हिरवी मखमल, रेघांवर.

सगळे तुमच्याकडे पाहत होते. मी मनात म्हटले, आता. आता ही बाई बोलेल. तुम्ही प्लेट बराच वेळ हातात धरलीत. मग उठलात, खडू घेतलात, आणि फळ्यावर अजून न पुसलेल्या माझ्या नावाच्या खाली तुमचे नाव लिहिलेत. तेच अक्षर. खडू ठेवलात आणि कुणाकडेही न पाहता म्हणालात, "माझाही हात गेला." त्यानंतर तुम्ही प्रयोगशाळेत पाऊल ठेवले नाहीत.

लोक रडले, बाई. तुमच्या शोकसभेत व्यवस्थापकांनी हीच गोष्ट सांगितली. स्वतःचे नाव फळ्यावर लिहिणारी अधिकारी असा शब्दप्रयोग केला आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या. मी उठून बाहेर आले. त्या सभेत एकालाही असे वाटले नाही, की नियमापेक्षा स्वतःच्या हाताला खोटे ठरवणे ज्या बाईला सोपे गेले, तिच्या मोठेपणाने तिचा जीव घेतला. तुम्हाला तुमच्या डोळ्यांसमोरचे सत्य आणि तुमचा फळा यांतून निवड करायची होती. तुम्ही फळा निवडलात, आणि किंमत म्हणून स्वतःचा हात दिलात. लोकांना किंमत दिसली, निवड दिसली नाही.

ती प्लेट चाचांच्या बादलीत गेली नाही. ते बादली घेऊन टेबलापाशी आले आणि तसेच उभे राहिले. "ही बाईसाहेबांची हाय. ही टाकायला माझा हात हुईना. तुमीच बघा काय त्ये," म्हणाले आणि निघून गेले. मी ती प्लेट पिशवीत घालून बसने पुण्याला नेली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "ही बाईंनी स्वतः लावलेली आहे?" मी हो म्हटले. "मग प्रश्नच मिटला." माझ्या तीन प्लेटींना जे जमले नाही ते तुमच्या एका प्लेटीने केले. तुमच्या ताज्या बेडक्याचा थेंब त्यांच्यासमोर अल्कलीत विरघळवून मी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. आम्ही जिवाणूंचे लोक, बुरशीसाठी ताजा नमुना असा पाहण्याची पद्धतच आमच्याकडे नव्हती. तंतू दिसले, डहाळीला फाटे फुटावेत तसे. बुरशीवरचे औषध मुंबईहून मागवावे लागले. ते शिरेतून देताना तुम्हाला हुडहुडी भरायची, दात वाजायचे, दुखऱ्या मूत्रपिंडांवर त्याचा मार बसायचा. तुम्ही विचारलेत, कसले औषध. डॉक्टर म्हणाले, ताकदीचे. तुम्ही पुढे काही विचारले नाहीत. हेही मला तुमच्यासारखे वाटले नाही.

मी सांगायला आले होते. तुमच्या खोलीच्या दाराशी तुमचा भाऊ बसला होता, डोक्याचे मुंडासे मांडीवर ठेवून. आदल्या दिवशी त्यानेच तुम्हाला हसवायला म्हटले होते, "आक्का, दुनियेला औषदं तुझ्या कारखान्यातनं जात्यात, आन् तुलाच लागू व्हईनात व्हय?" आणि तुम्ही हसला नव्हतात. मी त्याला सांगितले, मला बाईंना एवढेच सांगायचे आहे की त्यांचा हात गेला नव्हता, हात चोख होता, बुरशी खरोखर त्यांच्या छातीतलीच होती. त्याने मुंडासे उचलून पुन्हा मांडीवर ठेवले. मग म्हणाला, "नगा, मॅडम. जलमभर ती दुसऱ्याच्या चुका काढत आली. आता शेवटाला तिची तिला दावायची व्हय?" मी म्हटले, चूक नाही, हात चोख होता हे सांगायचे आहे. "त्ये तुमच्या-माझ्यासाठी येगळं. तिला दोन्ही एकदमच कळंल." त्याचे बरोबर होते. तुमच्यासारख्या बाईला अर्धे सत्य सांगता येत नाही. मी परत गेले. औषधाला उशीर झाला होता. तुम्ही गेलात ते आपला हात बिघडला असे समजून, आणि माझाही.

त्याच वर्षी मी कारखाना सोडला. पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात लागले आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी खचली आहे अशा माणसांतल्या बुरशीवर प्रबंध लिहिला. तेव्हा तो विषय म्हणजे पायाच्या बोटांतली खाज, असे समजणारे प्राध्यापक मला परीक्षक म्हणून लाभले. आता त्यांचे हसू कमी झाले आहे. रक्ताच्या कर्करोगावर औषधे निघाली, स्टेरॉइड गावोगाव पोचले, पूर्वी जे लगेच गेले असते ते रुग्ण जगू लागले, आणि त्यांच्या उघड्या दारातून ही श्वासाश्वासातली मंडळी आत येऊ लागली. माझ्या विभागात फळा नाही. एकाने लावण्याचे सुचवले होते. मी त्याला असे काही बोलले की त्याने पुन्हा सुचवले नाही. प्रत्येक बुरशी आधी पाहायची, ओळखायची, मग टाकायची, हा माझा नियम आहे.

तुमच्या चौथ्या प्लेटीवरची बुरशी माझ्याकडे आहे. त्याच दिवशी मी ती प्लॅटिनमच्या लुपेने माध्यम तिरपे थिजवलेल्या काचनळीत उतरवली, आणि तेव्हापासून दर काही महिन्यांनी जुन्या नळीतून नव्या नळीत नेते. विद्यार्थ्यांना वाटते, तुलनेसाठी ठेवलेला एखादा प्रमाण नमुना असेल. नळीवर नाव नाही. इतक्या वर्षांत त्या नळीत तिच्याशिवाय दुसरे काही एकदाही उगवले नाही. ही माझ्या हाताची साक्ष आहे, आणि पहिल्या रेघेपुरती तुमच्याही. तुमचा हात चोख होता, बाई. शेवटपर्यंत. तुम्हाला ज्याच्या जाण्याचे दुःख झाले तो गेलाच नव्हता.

हे सगळे आजच का, तेही लिहिते. भोसरीच्या एका कारखान्यातला टर्नर आमच्या वॉर्डात आहे, मूत्रपिंडाच्या आजारासाठी कित्येक महिने स्टेरॉइडवर. खोकल्यातून रक्त पडते, क्षयाचे जंतू सापडत नाहीत. बायको दोन मुलांना थेरगावात बहिणीकडे ठेवून व्हरांड्यात बसून असते. आज सकाळी माझी विद्यार्थिनी त्याची प्लेट घेऊन आली. मराठवाड्यातली मुलगी आहे, हुशार, अंमळ आगाऊ. तिने प्लेट माझ्यापुढे धरली, राखी-हिरवी, आणि म्हणाली, "मॅडम, रेघेवरच आलीय. बाजूला कुठंच नाही बघा." मी काय बोलायला हवे होते हे जगात मला जितके ठाऊक आहे तितके कुणाला नसेल. मी चष्मा वर केला आणि विचारले, "लूप नीट तापवली होतीस का?"

तिने मान खाली घातली नाही. "हो मॅडम," म्हणाली आणि प्लेट तशीच धरून उभी राहिली. मी वॉर्डला फोन केला. औषध संध्याकाळपर्यंत सुरू होईल, आणि तो वाचण्याची शक्यता आहे, कारण आम्ही वेळेत पोचलो आहोत. पण फोन उचलण्याआधी, ती तशी सरळ माझ्याकडे पाहत असताना, मला तिचा राग आला होता. तो राग कुणाचा होता हे मी लगेच ओळखले. हे विभागात कुणाला सांगण्यासारखे नाही, आणि ज्यांना सांगायचे त्यांना पत्र पोचत नाही. तेव्हा ते इथेच राहू दे. प्लेट पाहून मी तिला ठीक म्हणाले नाही, बाई. ते मला सुचलेच नाही.